मीटर सापडत नाही, सापडलं तर स्मार्ट निघालं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाई आणि आजूबाजूच्या गावांत वायरिंगची कामं करतो. लोकांना वाटतं, आमचा वेळ तारा ओढण्यात जातो. खरं तर निम्मा वेळ मीटर शोधण्यात जातो. बिल दर महिन्याला येतं, भरलंही जातं, पण ते ज्या डबीवरून येतं ती घरात नेमकी कुठं आहे, हे घरातल्या चौघांपैकी एकालाच माहीत असतं. बरेचदा तो एक पुण्याला असतो. आता स्मार्ट मीटर आले आणि प्रश्नांना ऊत आला. जे प्रश्न रोज कानावर पडतात ते इथं लिहिले आहेत, जमेल तशी उत्तरं दिली आहेत.

भाड्याच्या घरात राहायला आलो. मीटर कुठंच दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

बिलापासून. घरमालकाकडून जुनं बिल मागून घ्या. महावितरणच्या बिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो, ४ अंकी बिलिंग युनिट असतं आणि मीटर क्रमांक असतो. ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटर बदललं की मीटर क्रमांक बदलतो, ग्राहक क्रमांक तोच राहतो. भिंतीवर शोधायचा तो मीटर क्रमांक.

बऱ्याच जुन्या बिलांवर रीडिंगचा फोटोही छापलेला असतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही, पण मीटर शोधायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. आकड्यांच्या आजूबाजूला काय दिसतं ते बघा: चुन्याची भिंत, हिरवा ऑइलपेंट, पत्र्याची पेटी. एका ताईंच्या बिलात मीटरच्या कडेला निळं काहीतरी गोल दिसत होतं. मोबाइलवर मोठं करून पाहिलं तर पाण्याच्या ड्रमचं झाकण! ड्रम जिन्याखाली होता, ड्रमावर गोधड्या रचलेल्या, आणि त्यांच्या मागं मीटर. मीटर रीडर दर महिन्याला गोधड्या बाजूला सारून फोटो काढत होता, घरात मात्र कुणाला पत्ता नव्हता.

फोटो धूसर असेल तर बाहेर या आणि खांबाकडं बघा. खांबावरून तुमच्या घराकडं येणारी काळी सर्व्हिस वायर भिंतीत किंवा पाइपात कुठं शिरते ते पाहा. जिथं शिरते तिथून मीटर सहसा फार लांब नसतं. नुसतं डोळ्यांनी बघायचं, वायरला हात लावायचा नाही. पावसाळ्यात तर नाहीच नाही.

आमचा जुना वाडा आहे. वाटण्या झाल्या, आता मीटर नेमकं कुणाच्या भागात आहे तेच कळेना.

हा प्रश्न आपल्याकडं जितका निघतो तितका बाकी कुठं निघत नसेल. जुन्या वाड्यात मीटर बहुधा देवडीत नाहीतर ढाळजेत असायचं, दारातून आत आलं की उजव्या-डाव्या भिंतीवर लाकडी फळीवर ठोकलेलं. पुढं वाटण्या झाल्या, देवडीच्या मधून भिंत आली, एका भावानं तिथं दुकानाचं शटर लावलं. मीटर राहिलं शटरच्या आत. काही ठिकाणी किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) माळवद उतरवून पत्रे टाकले, समोर नवी खोली काढली, आणि मीटर त्या खोलीच्या मागच्या कोनाड्यात अडकलं.

अशा घरात आधी बिल कुणाच्या नावावर येतं ते बघा. बरेचदा आजोबांच्या नावावर येतं आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. नावात बदल करून घेणं हे मीटर शोधण्याइतकंच गरजेचं आहे. नाहीतर उद्या तक्रार करायला गेलात की पहिला प्रश्न येतो, ग्राहक कोण. मीटर चुलतभावाच्या भागात निघालं तर भांडण काढू नका. ते बाहेर दर्शनी भिंतीवर काढून द्या, असा अर्ज शाखा कार्यालयात द्या. रीतसर खर्चाचं अंदाजपत्रक मिळतं, पैसे भरले की काम होतं. दोघांनी मिळून भरले तर उत्तमच.

अपार्टमेंटमध्ये पार्किंगच्या भिंतीवर एका ओळीत सोळा मीटर आहेत. माझं कसं ओळखू?

मीटरखाली खडूनं किंवा मार्करनं फ्लॅट नंबर लिहिलेला असतो. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हे मी पदरमोड करून शिकलोय.

पंधराएक वर्षांपूर्वी लातूरला भाड्यानं राहायचो. घरात दोन माणसं, एक फ्रिज, एक कूलर, आणि बिल मात्र चौकोनी कुटुंबाला लाजवेल असं. घरमालक म्हणायचे, तुम्ही रात्रभर कूलर लावता. मी स्वतः वायरमन, तरी मान खाली घालून भरत राहिलो. चौदा महिन्यांनी एका रविवारी वैतागून घरातला मेन स्विच पाडला आणि खाली जाऊन बघितलं. माझ्या नावाच्या मीटरचा लाल दिवा मजेत लुकलुकत होता. शेजारच्या मीटरचा थांबला होता. म्हणजे चौदा महिने मी शेजाऱ्यांचा एसी पोसत होतो आणि ते माझा कूलर. बिल्डिंगचं वायरिंग करताना कुणीतरी दोन वायरी अदलाबदल केल्या होत्या आणि तेव्हापासून कुणी तपासलंच नव्हतं. घरमालकानं पैसे परत दिले नाहीत. शेजाऱ्यांनी मात्र दिवाळीला चिवडा-लाडू दिले.

तर पद्धत अशी. एक जण घरात, एक जण मीटरपाशी, दोघं फोनवर. घरातला सगळा लोड चालू ठेवा, शक्य असेल तर गिझर किंवा इस्त्रीही लावा. तुमच्या मीटरचा दिवा भराभर लुकलुकेल. मग घरातला मेन स्विच किंवा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसवलेला, आपोआप पडणारा स्विच) पाडा. जो दिवा थांबला ते तुमचं मीटर. त्याच्यावरचा क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी अंक अंक लावून बघा. जुळला तर ठीक. नाही जुळला तर दोन्ही मीटरचे फोटो, दोन्ही बिलं आणि शेजाऱ्यांची सही घेऊन एकत्र अर्ज द्या. एकट्यानं दिलेला अर्ज लोंबकळत राहतो. नव्या घरात सामान लावायच्या आधी ही दहा मिनिटं काढाच.

मीटर फर्निचरमागं झाकलं गेलंय. काय बिघडलं?

रीडरला दिसलं नाही की बिलावर रीडिंगच्या जागी शेरा येतो आणि सरासरीनं बिल लागतं. दोन-चार महिने कमी बिल आलं म्हणून लोक खूश होतात. मग एक दिवस रीडिंग मिळतं आणि साचलेले सगळे युनिट एकदम अंगावर येतात.

असं बिल आलं तर दोन गोष्टी तपासा. पहिली, स्लॅब. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. जितका वरचा टप्पा तितका दर जास्त. तीन महिन्यांचे ४५० युनिट एकाच महिन्यात धरले तर तुम्ही थेट तिसऱ्या टप्प्यात जाता. खरं तर ते महिन्याला १५० असे विभागून, प्रत्येक महिन्याला स्लॅबचा फायदा देऊन लावायला हवेत. तसं केलेलं नसेल तर बिल दुरुस्त करून मागा. दुसरी, फारच जुनी थकबाकी. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मधल्या काळात ती बिलावर सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि सुताराला सांगा, मीटरपुरती खिडकी ठेव. प्लायवूडचा एवढासा तुकडा कापायला त्याला पाच मिनिटं लागतात.

मीटर मीच काढून दुसऱ्या भिंतीवर लावलं तर?

नाही. सील तोडलं की हेतू कितीही चांगला असला तरी प्रकरण वीज कायद्याच्या कलम १३५ च्या, म्हणजे वीजचोरीच्या दिशेनं जाऊ शकतं. मीटरच्या पुढची, घराकडची वायरिंग तुमची. मीटर आणि त्याच्या अलीकडचं सगळं कंपनीचं.

गावात मीटर खांबावरच्या पेटीत बसवलंय. वर चढल्याशिवाय आकडा दिसत नाही.

चढू नका. पेटीच्या काचेवर ऊन चमकत नसेल अशा वेळी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून खालूनच फोटो काढा. काच मळलेली असेल तर लाइनमनला सांगा. घर आणि पेटी लांब असेल तर मेन स्विचची वर सांगितलेली परीक्षा एकदा करा, कारण एका पेटीत चार-सहा मीटर असतात आणि अदलाबदल तिथंही होते.

स्मार्ट मीटर म्हणजे नेमकं काय वेगळं?

मोजायचं काम तेच, युनिट तेच. जुन्या काळ्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. नंतर आकडे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक मीटरं आली. स्मार्ट मीटरही इलेक्ट्रॉनिकच आहे, फक्त त्याला वाचा फुटली आहे. मोबाइलच्या नेटवर्कवरून किंवा शेजारच्या मीटरांच्या साखळीतून ते वापराची नोंद परस्पर कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं. आत एक स्विचही असतो, त्यानं पुरवठा लांबूनच तोडता-जोडता येतो. मीटर रीडरची फेरी संपते, आणि त्याच्याबरोबर ‘घर बंद होतं’ हा शेराही.

हे सगळं केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून चाललंय. महाराष्ट्रासारख्या राज्यांना मीटरच्या खर्चाच्या १५ टक्के, पण मीटरमागं जास्तीत जास्त ९०० रुपये अनुदान मिळतं. तुमच्याकडून मीटर बदलण्याचे पैसे कुणी दारात मागितले तर देऊ नका.

मोबाइलसारखं आधी रिचार्ज करावं लागणार का?

मूळ योजना प्रीपेडचीच होती. राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. त्यानंतर घरोघर लागत गेलेली मीटरं पोस्टपेड, म्हणजे आधी वापर, मग बिल. लोकांच्या तोंडी ती ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारी) म्हणून बसली. आतली डबी मात्र प्रीपेड आणि पोस्टपेड दोन्हीकडं चालणारी असते, हेही खरं. पुढं धोरण बदललं तर मीटर बदलावं लागणार नाही.

नवीन मीटर पळतंय. आधी बाराशे यायचे, आता अठराशे!

यावर गावोगाव भांडणं चाललीत, म्हणून जरा सविस्तर.

मीटर सदोष असूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण मी जितकी घरं तपासली त्यांत गडबड बहुतेक वेळा भिंतीच्या आत निघाली. कारण असं. वीज फेजमधून घरात येते आणि न्यूट्रलमधून परत जाते. इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्हीकडं लक्ष ठेवतं आणि ज्या तारेत करंट जास्त त्याप्रमाणं युनिट धरतं. जुनं चकतीचं मीटर एकाच तारेकडं बघायचं. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये काय काय चालतं बघा. मागच्या खोलीचं न्यूट्रल तुटलं म्हणून कुणीतरी अंगणात सळई ठोकून तिच्यावर बल्ब चालवलेला असतो. दोन भाडेकरूंच्या खोल्यांना फेज वेगळा पण न्यूट्रल एकच दिलेलं असतं. अशा वेळी शेजाऱ्याच्या खोलीचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून परततो आणि तुमचं मीटर तो तुमच्याच नावावर लिहितं. मीटरवर ‘अर्थ’ किंवा ‘ईएल’चा (अर्थ लोड, म्हणजे करंट जमिनीतून परततोय याची खूण) दिवा पेटलेला दिसला तर मामला इथंच आहे. त्यात ओल आलेल्या भिंती, सोललेल्या वायरी आणि बोअरच्या मोटारीची गळकी केबल धरा.

आता स्वतः तपासायची रीत. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात फक्त एकच वस्तू चालू ठेवा, घड्याळ लावा आणि दहा लुकलुकी मोजा. ११,२५० ला तितक्या सेकंदांनी भागा, वॅट निघतात. नुसता कूलर चालू असताना दहा लुकलुकींना ४५ सेकंद लागले तर २५० वॅट. कूलरवर २०० ते २५० लिहिलेलं असेल तर मीटर ठीक आहे. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३ कोटी ६० लाखांना त्या आकड्यानं भागून मिळेल तो आकडा ११,२५० च्या जागी घ्या. पुढं घरातले सगळे स्विच बंद करा, मेन मात्र चालू ठेवा. दिवा तरीही लुकलुकत राहिला तर कुठंतरी वीज झिरपतेय. वायरमनला बोलवा, कंपनीला नंतर.

हे करूनही समाधान झालं नाही तर लेखी तक्रार करा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. तक्रारीनंतर पाच दिवसांत जोडीला पडताळणीचं मीटर बसवून किमान तीन महिने दोन्हीचा वापर ताडून बघायचा आहे. अर्जात या नियमाचा उल्लेख करा, काम जरा लवकर हलतं.

एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. मीटर एप्रिलमध्ये बदललं आणि बिल मेमध्ये वाढलं! आपल्याकडच्या उन्हात मेमध्ये कुणाचं बिल वाढत नाही?

दिवसा वीज स्वस्त म्हणतात. खरंच किती वाचतात?

महावितरणनं जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागं ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. पाण्याची एक हॉर्सपॉवरची मोटार रोज अर्धा तास चालली तर महिन्याला पंधराएक युनिट, म्हणजे पंधरा रुपयांच्या आत. दिवसा आठ तास कूलर चालत असेल तर चाळीस-पन्नास. लखपती होणार नाही, पण मोटार, इस्त्री, वॉशिंग मशीन दुपारी उरकलं तर नुकसानही नाही. सवलत खरंच लागली का ते बिलावर वेळेनुसार युनिट छापलेत त्यावरून बघा.

मीटर बदलायला माणसं दारात आली तर काय बघू?

ओळखपत्र बघा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि क्रमांक एकाच फोटोत येईल असा फोटो घ्या. नव्याचं पहिलं रीडिंग आणि क्रमांक तसाच. मीटर बदलल्याचा कागद मागा, त्यावर दोन्ही रीडिंग लिहून घ्या. पुढच्या बिलात जुन्याचे उरलेले आणि नव्याचे युनिट जोडून येतात आणि चुका तिथंच होतात. काम झाल्यावर मेन स्विचची परीक्षा पुन्हा. एका दिवसात अख्ख्या बिल्डिंगची मीटरं बदलताना वायरी इकडच्या तिकडं जायला वेळ लागत नाही. दुपारी घरात फक्त म्हातारी माणसं असतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की फोटो काढल्याशिवाय जुनं मीटर नेऊ देऊ नका.

मला स्मार्ट मीटर नकोच असेल तर?

केंद्राचे २०२० चे ग्राहक हक्क नियम नवीन जोडणी स्मार्ट प्रीपेमेंट किंवा साध्या प्रीपेमेंट मीटरनंच द्या म्हणतात. ग्राहक संघटना वीज कायद्याच्या कलम ४७(५) कडं बोट दाखवतात. ग्राहक प्रीपेमेंट मीटर घ्यायला तयार असेल तर अनामत मागता येत नाही, असं तिथं लिहिलंय. म्हणजे तयारी ग्राहकाची हवी, असा त्यांचा अर्थ. वाद प्रीपेडचा आहे. तुमची हरकत असेल तर शाखा कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. दारात आलेल्या रोजंदारीच्या पोरावर ओरडून काही होत नाही.

आमच्या तांड्यावर रेंजच नाही. मग?

मीटर मोजत राहतं आणि नोंदी आत साठवतं, रेंज मिळाली की पाठवतं. लाईट गेली म्हणून युनिट पुसले जात नाहीत. पडद्याचं बटण दाबत गेलं की तारीख, वेळ, युनिट, व्होल्टेज असं एकेक येतं. आपल्याला युनिटचा आकडा पाहिजे.

शेतातल्या मोटारीला पण लागणार?

स्मार्ट मीटरच्या योजनेतून शेतीपंप वगळलेत. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून राज्याची मोफत वीज योजना आहे, तिचा घरच्या मीटरशी संबंध नाही.

यातून रेडिएशन निघतं का?

खिशातल्या मोबाइलपेक्षा कमी. आणि मीटर कुणी उशाशी घेऊन झोपत नाही.

‘आज रात्री साडेनऊला लाईट कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आलाय.

फसवणूक आहे. स्मार्ट मीटरमुळं लांबून लाईट तोडता येते हे लोकांना कळलं, आणि चोरांना त्याचं कोलीतच मिळालं. थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, मग मीटर स्मार्ट असो की चकतीचं. त्या नंबरवर फोन करू नका, कुठलंही ॲप घेऊ नका. खात्री करायची तर १९१२ लावा.

तक्रार ऐकतच नाहीत. पुढं कुठं जायचं?

आधी शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज, त्याची पोच. तिथं सुटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. मंचापुढं वकील लागत नाही, कागद लागतात. बिलं, फोटो, पोच असलेले अर्ज, आणि जमलं तर दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला स्वतः लिहून ठेवलेलं रीडिंग. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं होतं. बिल दुरुस्तीच्या वेळी साहेबांनी तेच कॅलेंडर समोर ठेवून आकडे लावले.